वेडाच्या कारणाचा रकाना

कारखान्यात अपघात झाला म्हणजे एक नोंदवही उघडली जाते. तीत कामगाराचे नाव, वय, अपघाताची वेळ, इजेचे स्वरूप आणि सर्वांत शेवटी 'अपघाताचे कारण' असे रकाने असतात. गेल्या तीस वर्षांत जिनिंगपासून चुनाभट्टीपर्यंत नाना ठिकाणच्या अशा वह्या मी चाळल्या आहेत आणि त्या शेवटच्या रकान्यात मला बहुधा एकच मजकूर आढळला आहे : कामगाराचा निष्काळजीपणा. पट्ट्यावर जाळी नव्हती, माणूस दोन पाळ्या सलग उभा होता, दिवे गेले होते, ह्यांपैकी काहीही तेथे येत नाही. नोंद खोटी असते असेही म्हणता येत नाही, कारण हात खरोखरच पट्ट्यात गेलेला असतो. पण रकाना लहान असतो, लिहिणारा पगारी असतो आणि वही साहेबापुढे जावयाची असते.

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखाद्या संपाचा इतिहास असावा. परंतु आज मी निराळा विषय घेतला आहे. ऐन पंधरा-वीस-पंचविशीत ज्या मुलामुलींचे मन बिघडते, त्यांच्या मेंदूची घडण इतरांहून वेगळी असते काय, हा प्रश्न डॉक्टर लोक दीडशे वर्षे विचारीत आहेत. त्या शोधाचा हा इतिहास आहे. मी डॉक्टर नाही. माझे शाळेतील शिक्षण दहावीपुढे गेले नाही, आणि जे काही वाचले ते संघटनेच्या कामातून सवड काढून, नगर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. तथापि 'कारण' नावाचा रकाना कोण भरतो आणि कसा भरतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे, आणि वेडाच्या इतिहासातही सारा प्रश्न त्याच रकान्याशी येऊन थांबतो असे माझ्या ध्यानात आले.

आपल्याच मुलखापासून आरंभ करू. तेराव्या शतकात अमरावतीकडील रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभू होऊन गेले. महानुभाव पंथ त्यांना परमेश्वराचा अवतार मानतो. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या चरित्रात ते मनास येईल तेव्हा हसतात, रागावतात, कोणाच्याही घरात शिरतात, गावकुसाबाहेरच्या वस्तीतही निःसंकोच वावरतात. आणि गावकरी त्यांना वेडे म्हणता म्हणताच त्यांच्या पाया पडतात. लोकांच्या लेखी त्या वेडाचे कारण देवत्व होते. ह्यावरून जुना काळ फार दयाळू होता असे मात्र कोणी समजू नये. ज्याच्या वेडात कोणाला देव दिसला नाही त्याच्या वाट्याला बाहेरची बाधा, उतारा आणि साखळी आली, आणि ती साखळी फार अलीकडेपर्यंत टिकली. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. त्यांतील २८ जण गेले.

इंग्रजांनी ह्या कामात कायदा आणला. १८५८ साली वेड्यांविषयीचे कायदे झाले आणि वाटेवर भटकणाऱ्या किंवा धोकादायक दिसणाऱ्या वेड्याला पोलिसाने मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे असे ठरले. नागपुरास १८६४ साली वेड्यांचे इस्पितळ निघाले. वऱ्हाड हा निजामाकडून कारभारासाठी घेतलेला मुलूख, त्याचे इस्पितळ अमरावतीस होते. आपला जिल्हा तेव्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. इंग्रजी कागदांत त्याला 'वून' म्हणत, आणि १९०५ साली तो यवतमाळ झाला. ह्या जिल्ह्यातला एखादा तरुण बरळू लागला, बाजारात दगड मारू लागला, म्हणजे शिपाई त्याला धरीत आणि त्याच्याबरोबर एक छापील फॉर्म जाई. नाव, जात, धंदा, आणि त्यात तो आपला ओळखीचा रकाना : वेडाचे कारण.

आता हा रकाना कोणी भरावयाचा? ज्याने त्या मुलाला काल प्रथम पाहिले त्या पोलिसाने! 'माहीत नाही' असे लिहिणे वरिष्ठांना रुचत नसे. म्हणून हिंदुस्थानभरच्या इस्पितळांतून एक सोईस्कर शब्द रूढ झाला : गांजा. माणूस गांजा ओढीत होता एवढे कळले की पुरे, आणि न कळले तरी फकीर, गोसावी, हमाल असल्या माणसाच्या बाबतीत ते गृहीत धरावे. ह्या नोंदींची बेरीज होऊन वार्षिक अहवालात कोष्टके छापली जात. ती कोष्टके विलायतेस पोहोचली आणि पार्लमेंटात गांजाविषयी प्रश्न विचारले गेले. तेव्हा १८९३ साली सरकारने एक चौकशी-मंडळ नेमले. त्याचा १८९४ चा अहवाल अनेक खंडांचा आहे आणि माझ्या मते त्या काळच्या सरकारी कागदांत इतका प्रामाणिक कागद क्वचितच सापडेल.

ह्या मंडळाने काय केले? १८९२ ह्या एका वर्षात गांजा-भांगेमुळे वेडे झाले म्हणून नोंदलेली २२२ प्रकरणे घेतली आणि एकेका माणसाच्या गावी, नातेवाइकांकडे परत चौकशी करविली. कोणाच्या घराण्यात वेड होते, कोणाला फेफरे येत होते, कोणी गांजाला शिवलेलाच नव्हता. चाळणी लावता लावता उरली ९८ प्रकरणे, आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणे सोबत होतीच. कोष्टक छापताना ज्यांना शंका आली नाही अशा अधिकाऱ्यांची साक्ष वाचताना मला आमच्या सेफ्टी कमिटीच्या बैठका आठवल्या, पण ते असो. मंडळाने आणखी एक गोष्ट केली, ती आजच्या विषयाला धरून आहे. कलकत्त्याच्या डॉ. कनिंगहॅम ह्यांच्याकडून त्यांनी माकडांवर प्रयोग करविले. एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर देण्यात आला, मग त्याला मारून त्याचा मेंदू तपासण्यात आला. गांजामुळे झाली म्हणावी अशी इजा त्या मेंदूत सापडली नाही. आपल्या देशात वेडाचे कारण मेंदू उघडून पाहण्याच्या ज्या आरंभीच्या खटपटी झाल्या त्यांत ही एक मोडते. त्यावरून गांजा निरुपद्रवी ठरतो असे नव्हे. कोवळ्या वयात गांजाचे व्यसन लागलेल्यांत पुढे मनोविकार अधिक आढळतात, असे अलीकडची संशोधने सांगतात. पण १८९२ च्या शिपायाला हे कळलेले नव्हते. त्याला फक्त रकाना भरावयाचा होता.

इकडे हे चालले असता युरोपात मेंदू उघडून पाहण्याचे शास्त्रच उभे राहत होते. १८७१ साली जर्मनीत हेकर नावाच्या डॉक्टराने तारुण्याच्या उंबरठ्यावर जडणाऱ्या एका वेडाचे वर्णन केले आणि त्याला ग्रीकांच्या यौवनदेवतेच्या नावावरून नाव दिले. पुढे क्रेपेलिन ह्या मोठ्या वैद्याने हे आणि असले आणखी विकार एका सदराखाली आणले. त्याला 'अकाली बुद्धिनाश' अशा अर्थाचे नाव त्याने दिले. त्यालाच आज आपण स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता म्हणतो. वीस वर्षांचा पोरगा म्हाताऱ्यासारखा भ्रमिष्ट होतो, त्याअर्थी त्याचा मेंदू झिजला असला पाहिजे, अशी क्रेपेलिनची खात्री होती. त्याच्या म्यूनिकच्या इस्पितळात सूक्ष्मदर्शकावर बसलेला माणूस होता आल्झायमर. त्याला म्हातारपणाच्या विस्मृतीच्या रोगाच्या खुणा मेंदूत सापडल्या, १९०६ साली त्याने त्या जगापुढे मांडल्या आणि त्याचे नाव त्या रोगाला कायमचे चिकटले. परंतु तरुणांच्या वेडाची तशी स्वच्छ खूण कोणालाच मिळाली नाही.

एका रोगात मात्र शास्त्राला पूर्ण यश आले. त्या काळच्या इस्पितळांत लकवा आणि वेड एकदम झालेले पुष्कळ रुग्ण असत. १९१३ साली नोगुची आणि मूर ह्यांना अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू प्रत्यक्ष आढळले. पुढे पेनिसिलिन आले आणि तो रोग वेड्यांच्या इस्पितळांतून जवळजवळ नाहीसा झाला. ह्या यशामुळे साऱ्या शास्त्राची आशा बळावली. प्रत्येक वेडाच्या मागे मेंदूतला एक डाग असणार, तो सापडण्याचाच काय तो अवकाश, असे पुष्कळांना वाटू लागले. आणि डाग सापडण्याची वाट न पाहताच काहींनी सुरी उचलली. पोर्तुगालच्या मोनिझने १९३५ साली मेंदूचा पुढचा भाग मागच्यापासून तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्याबद्दल त्याला १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जगभर हजारो रुग्णांचे मेंदू असे कापले गेले. आपल्या देशातही ह्या शस्त्रक्रिया झाल्या. रुग्ण शांत होई हे खरे. संपकरी कामगाराला डांबून ठेवले तर तोही शांत होतो. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध निघाले, त्याने खरोखर पुष्कळांची भ्रमावस्था ओसरली आणि सुरी मागे पडली.

जिवंत माणसाचा मेंदू न कापता पाहता येईल असे यंत्र लंडनमध्ये ऑक्टोबर १९७१ मध्ये प्रथम एका रुग्णावर चालविण्यात आले. तेच आपले सिटी स्कॅन. त्यापूर्वी १९२७ च्या सुमारास कण्यातून पाणी काढून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरावयाची आणि मग क्ष-किरणाने चित्र घ्यावयाचे, असा एक यातनामय मार्ग होता. त्यातही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या पोकळ्या मोठ्या दिसल्या होत्या, पण त्यावर कोणाचा भरवसा बसला नाही. १९७६ साली जॉनस्टन, क्रो आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्यांनी अनेक वर्षे इस्पितळात असलेल्या १७ रुग्णांच्या मेंदूंची नव्या यंत्राने चित्रे घेतली. पाण्याने भरलेल्या आतल्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा मोठ्या होत्या. वाद लगेच पेटला. हे विकाराने झाले, की इस्पितळात वीस वर्षे कोंडल्याने, की औषधांनी? ही शंका फार योग्य होती. पुढे औषधाची एक गोळीही न घेतलेल्या, पहिल्यानेच आजारी पडलेल्या तरुणांतही थोडा फरक दिसला, म्हणजे विकाराचा काही वाटा ठरला. त्याबरोबरच दीर्घ काळ भारी मात्रेत घेतलेली औषधेही मेंदूच्या आकारात किंचित घट करू शकतात असेही दिसून आले. म्हणून कोणी औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरला विचारून मात्रा ठरवून घ्यावी इतकेच.

ह्यानंतर एमआरआय आले. त्यात क्ष-किरण नसल्यामुळे निरोगी मुलांची चित्रेही दर दोन वर्षांनी घेता येऊ लागली, आणि मग तरुण वयाविषयी एक गोष्ट कळली, जी शेतकऱ्याला चटकन समजावी. अमेरिकेतील गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली १४५ निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कपाळामागच्या भागातील करडे द्रव्य अकरा-बारा वर्षांपर्यंत वाढत जाते आणि मग कमी होऊ लागते. म्हणजे मेंदू बिघडतो असे नाही. कपाशीची रोपे दाट उगवली की आपण विरळणी करतो, अशक्त रोप उपटतो, बळकट ठेवतो. तारुण्यात मेंदूच्या जोडण्यांची तशी विरळणी होते. जी वाट वापरात येते ती टिकते. कपाळामागचा हा भाग विचार करून थांबण्याचा, रागाला आवर घालण्याचा. त्याची विरळणी विशी ओलांडून पुढे चालू राहते. मनोविकार ऐन ह्याच वयात का डोके वर काढतात, ह्याचे हे एक उत्तर असू शकेल.

त्याच संस्थेत ज्यूडिथ रॅपोपोर्ट ह्यांनी लहानपणीच स्किझोफ्रेनिया जडलेली मुले शोधून काढली. असे रुग्ण फार विरळा असतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बारा मुलांची चित्रे पाच वर्षे पुनःपुन्हा घेऊन बारा निरोगी मुलांशी ताडून पाहण्यात आली. रुग्ण मुलांत करड्या द्रव्याची घट डोक्याच्या वरच्या-मागच्या भागापासून सुरू होऊन पुढे पुढे सरकत गेलेली दिसली. विरळणी करणाऱ्याचा हात थांबलाच नाही, चांगली रोपेही उपटली गेली, असे तिचे वर्णन करता येईल. २०१६ साली अमेरिकेतच एका जनुकाचा पुरावा मिळाला, जो ह्या विरळणीच्या यंत्रणेशी निगडित आहे आणि ज्याचा एक प्रकार अंगी असेल तर स्किझोफ्रेनियाचा धोका थोडासा वाढतो.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की मग रकाना भरला! 'कारण : मेंदूतील दोष'. येथेच मी आपणांस थोडे थांबविणार आहे.

बारा मुलांवरून जग ठरत नाही, हे शास्त्रज्ञांनाही कळत होते. म्हणून २००९ पासून 'एनिग्मा' नावाने अनेक देशांतील संशोधकांनी आपापली चित्रे एकत्र केली. २०१६ साली स्किझोफ्रेनियाचे २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसे ह्यांची तुलना झाली. त्यांत बहुतेक प्रौढ होते. सर्वांत ठळक फरक हिप्पोकॅम्पस ह्या भागात निघाला. कानशिलाच्या आत असलेला हा भाग आठवणीच्या कामी येतो. रुग्णांत तो सरासरीने लहान होता. किती लहान? शास्त्रज्ञ तो फरक अशा आकड्याने सांगतात की आपल्यासारख्याला काही बोध होऊ नये. एका गणिताच्या प्राध्यापकांना गाठून मी तो हिशेब साध्या भाषेत करून घेतला. चिठ्ठ्या टाकून एक रुग्ण आणि एक निरोगी अशी जोडी निवडा. अशा शंभर जोड्यांत सुमारे ६३ जोड्यांत रुग्णाचा तो भाग लहान निघेल आणि ३७ जोड्यांत निरोगी माणसाचा लहान निघेल. नैराश्याच्या विकारात हाच हिशेब ५४ आणि ४६ असा येतो. नाणे उडविले तर ५० आणि ५० येईल. एकविशीच्या आत ज्यांना नैराश्य जडले त्यांच्यात फरक थोडा अधिक स्पष्ट होता. चंचलतेचा आणि अवधान न टिकण्याचा जो विकार मुलांना होतो, त्यात २०१७ साली ३,२०० हून अधिक लोकांची तुलना झाली. तेथेही फरक बारीक निघाले, आणि ते मुलांत दिसले तरी प्रौढांत जवळजवळ दिसले नाहीत.

फरक खरा आहे. हजारो माणसांच्या सरासरीत तो पुनःपुन्हा येतो. परंतु तो घोळक्याचा फरक आहे. समोर बसलेल्या एका मुलाचे चित्र पाहून त्याला विकार आहे की नाही हे आज जगातला कोणताही डॉक्टर त्या चित्रावरून सांगू शकत नाही. मनोविकाराचे निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच होते. मग डॉक्टर स्कॅन कशाला सांगतात? गाठ, रक्तस्राव, मेंदूत शिरलेले जंत, फेफऱ्याचे मूळ असे दुसरे काही नाही ना, एवढे पाहण्यासाठी. ते योग्य कारण आहे आणि डॉक्टरने सांगितले तर स्कॅन अवश्य करावा.

हे मी इतक्या तपशिलाने सांगतो, कारण आमच्या कचेरीत ती मोठी काळी फिल्म घेऊन येणारी माणसे मी पाहिली आहेत. एका हमालाने बैल विकून मुलाचा एमआरआय नागपुरास करविला. रिपोर्ट 'नॉर्मल' आला. मुलगा ज्या ठिकाणी कामास होता तेथील व्यवस्थापकाने तो कागद वाचून सांगितले की मेंदूत काही नाही, त्याअर्थी पोरगा सोंग करतो, आणि दोन महिन्यांची गैरहजेरी लावून त्याचे नाव मस्टरवरून काढले. दुसऱ्या एका घरी रिपोर्टात एक निरुपद्रवी बारीक फरक लिहून आला, जो निरोगी माणसांतही आढळतो. तो कागद नात्यात फिरला आणि मुलीचे ठरलेले लग्न मोडले. एकाच यंत्राचे दोन कागद. एकाने आजार नाही म्हणून भाकरी गेली, दुसऱ्याने आजार आहे म्हणून सोयरीक गेली. पहिल्या प्रकरणात आम्ही मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला जोडून भांडलो. मुलगा आठ महिन्यांनी कामावर आला, मागचा पगार मिळाला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. मेंदूत फरक आहे हे कळले, तरी तो फरक कशाने झाला हा प्रश्न उरतोच. हात पट्ट्यात गेला हे इजेचे वर्णन आहे. जाळी कोणी काढली?

रुमानियात १९८९ पर्यंत चाउशेस्कूची राजवट होती. तिच्या काळात हजारो मुले अनाथालयांत टाकली गेली. पुरेसे अन्न नाही, कोणी उचलून घेणारे नाही. राजवट कोसळल्यावर त्यांतील काही मुले इंग्लंडमधील कुटुंबांनी दत्तक घेतली. ती मुले २३ ते २८ वर्षांची झाली तेव्हा त्यांतील ६७ जणांच्या मेंदूंची चित्रे घेण्यात आली. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्येच जन्मून दत्तक गेलेल्या तरुणांच्या तुलनेत त्यांचे मेंदू सरासरीने सुमारे ८.६ टक्के लहान होते, आणि अनाथालयात जितके महिने अधिक काढले तितकी घट अधिक होती. पुढची वीस वर्षे चांगल्या घरात वाढूनही ती भरून निघाली नव्हती. अवधान न टिकण्याचा विकारही त्यांच्यात अधिक होता. ह्या तरुणांपैकी एखाद्याची फिल्म दिव्यासमोर धरून 'मेंदूतील दोष' असे लिहिले तर ते खोटे ठरणार नाही. पण त्या रकान्यात अनाथालय कोठे आले?

भुकेचाही पुरावा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची अन्नवाहतूक अडविली. त्या उपासमारीच्या ऐन कळसाला ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे तारुण्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. १९५९ ते ६१ च्या चिनी दुष्काळातही तोच आकडा आला. हे वाचताना आपल्या वऱ्हाडातील १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दुष्काळ कोणाच्या मनात येणार नाहीत? त्या सालांत गर्भात असलेली मुले १९२० च्या सुमारास विशीत आली. त्यांच्यातील जी नागपूरच्या इस्पितळात पोहोचली असतील त्यांच्या फॉर्मवर आईच्या पोटी पडलेल्या उपासाची नोंद करण्यास जागाच नव्हती.

आणि तिसरी गोष्ट विषाची. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो इस्पितळात दाखल झाले, हे येथे कोणाला सांगावे लागू नये. तेव्हाही पहिले कारण काय लिहिले गेले? मजुराने तोंडाला फडके बांधले नाही! कीटकनाशकांतील ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची विषे किड्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालून त्याला मारतात, आणि माणसाची मज्जासंस्था त्याच रसायनावर चालते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी अशा एका विषाचा, क्लोरपायरिफॉसचा, अभ्यास झाला. तेथे ते घरातील झुरळांसाठी वापरीत. बाळंतपणात नाळेच्या रक्तात त्याचे प्रमाण मोजून ठेवले होते. पुढे त्यांतील चाळीस मुलांची, वीस अधिक प्रमाणाची आणि वीस कमी प्रमाणाची, साधारण सहा ते अकरा वर्षांच्या वयात मेंदूची चित्रे घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात अधिक प्रमाणाच्या मुलांच्या मेंदूच्या पृष्ठभागाची घडण अनेक ठिकाणी वेगळी दिसली. चाळीस हा आकडा लहान आहे हे मी मघाच्याच न्यायाने कबूल करतो. परंतु कॅलिफोर्नियात शेतमजूर कुटुंबांच्या मुलांवर झालेल्या निराळ्या अभ्यासातही, आईच्या अंगात गरोदरपणी ह्या जातीच्या विषाचे अंश अधिक असतील तर पाच वर्षांच्या मुलात अवधानाच्या तक्रारी अधिक आढळल्या. खांद्यावर पंप घेणारा बाप आणि त्याच शेतात निंदणाला वाकलेली गरोदर आई आमच्या जिल्ह्यात नवीन नाही.

एका बाबतीत मात्र आपला कायदा १८५८ च्या पोलिसापासून पुष्कळ पुढे आला आहे. २०१७ साली संमत झालेला आणि २०१८ पासून लागू असलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की मनोविकार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय कसोट्यांवरच ठरवावे, माणसाची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती पाहून ठरवू नये. मनोविकार असला एवढ्यानेच माणूस 'भ्रमिष्ट' ठरत नाही, तसे ठरविण्यास न्यायालय लागते. रुग्णाला साखळी घालता येत नाही. सरकारी खर्चाने चालणारी सेवा मिळणे हा हक्क आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्यात मनोविकाराचाही समावेश आहे. मस्टरवरून नाव निघालेल्या मुलाच्या आईबापांनी काळ्या फिल्मऐवजी ह्या दोन कायद्यांची प्रत घेऊन यावे, असे मी आमच्या सभासदांना सांगत असतो. कचेरीत दोन्हींच्या मराठी प्रती आहेत.

राहिला प्रश्न आपल्या देशातील मोजणीचा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मनोविकारांची पाहणी केली. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ७.३ टक्के निघाले. महाराष्ट्र त्या बारा राज्यांत नव्हता. त्याच संस्थेच्या पुढाकाराने भारत आणि ब्रिटनच्या संशोधकांनी सहा ते तेवीस वर्षांच्या मुलांचा एक मोठा अभ्यास हाती घेतला. त्यात मेंदूच्या चित्रांबरोबर रक्तातील शिसे आणि आर्सेनिक, अन्नातील उणीव, घरातील आणि आजूबाजूच्या समाजातील ताण ह्यांचीही नोंद घेतली जाते. कारणाचा रकाना एवढा रुंद आखलेला मी प्रथमच पाहिला. त्याची केंद्रे बंगळूर, म्हैसूर, ऋषी व्हॅली, चंडीगड, कलकत्ता आणि इंफाळ येथे आहेत. त्या यादीत विदर्भाचे नाव नाही. आपल्या शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, फवारणीने बाधलेली माणसे त्याच इस्पितळात येतात, आणि त्यांच्या घरच्या मुलांची वजने अंगणवाडीच्या वहीत दरमहा लिहिली जातात.